खेळघराची ग्लो साईन पाटी घरीच करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराच्या माडीवर पूर्वी गणपतीची जुनी मखरं, मोडक्या खुर्च्या आणि कुणाचीच नसलेली एक ट्रंक असायची. ते सगळं आवरून तिथं कॅरम मांडला, कोपऱ्यात पत्त्यांची सतरंजी टाकली आणि आत भिंतीवर ‘खेळघर’ अशी मागून उजळणारी पाटी लावली. संध्याकाळी पाटी पेटली की गल्लीतली पोरं समजतात, आज डाव आहे. ती बघून गेलेला प्रत्येक जण तेच तेच विचारतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी वायरमन नाही आणि पेंटरही नाही. दोन पाट्या बिघडवून तिसरी जमलेला माणूस आहे.

मागून उजळणारी म्हणजे नक्की कसली पाटी?

दोन प्रकार आहेत आणि लोक दोन्हींना एकच नाव देतात. पहिला पेटीचा. उथळ पेटी, आत एलईडी पट्ट्या, समोर दुधी अ‍ॅक्रिलिक आणि त्यावर अक्षरं. बाजारातला ग्लो साईन बोर्ड तो हाच. दुसऱ्या प्रकारात अक्षरं भरीव कापून भिंतीपासून इंच-सव्वा इंच पुढे बसवतात आणि त्यांच्या पाठीला पट्टी चिकटवून उजेड भिंतीवर सोडतात. अक्षर काळं राहतं, कडेनं प्रभावळ दिसते. दिसायला दुसरा देखणा, पण त्याला भिंत बिनचकाकीची लागते. ऑइलपेंटच्या भिंतीत पट्टीचा एकेक दिवा आरशासारखा उमटतो. आमच्या माडीला ऑइलपेंटच आहे, म्हणून मी पेटीकडे वळलो. पुढचं सगळं पेटीबद्दल आहे.

केवढी करावी?

दहा बाय बाराच्या खोलीला दोन फूट लांब आणि दहा इंच उंच पुरते. माझी तेवढीच आहे, आणि चार इंच खोल. मोठी केलीत तर खोलीपेक्षा पाटीच दिसते आणि हॉटेलात बसल्यासारखं वाटतं.

पेटी कशाची करायची?

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, सोडून कशाचीही करा. पहिली पेटी मी एमडीएफची केली, कारण सुताराकडे तुकडे पडले होते आणि ते कापायला लोण्यासारखे असतात. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस धरला की महिना-महिना कपडे वाळत नाहीत, तिथं एमडीएफचं काय होणार? ऑगस्टपर्यंत खालची कड फुगून बिस्किटासारखी झाली. आमच्याहून जास्त पावसाच्या खानापूरकडच्या लोकांनी तर त्या वाटेला जाऊच नये.

आता बाजू बारा मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लायच्या आहेत आणि पाठ तीन मिलिमीटर एसीपी शीटची (दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये प्लास्टिक). फोम शीटही चालते, हलकी असते. आतून सगळीकडे पांढरा मॅट रंग द्या. हे काम लोक टाळतात, कारण बाहेरून दिसत नाही. पण प्लायचा तपकिरी रंग निम्मा उजेड खाऊन टाकतो. रंग वाळल्यावर कोपऱ्यांना आतून काळी टेप मारा, नाहीतर अंधारात सांध्यांतून उजेडाच्या रेघा दिसतात.

समोरची शीट कुठली?

दुधी अ‍ॅक्रिलिक, तीन मिलिमीटर. दुकानात ‘ओपल’ म्हणून मागा. पारदर्शक शीट आणून तिला घरी पांढरा स्प्रे मारायचा विचार येतो, मलाही आला होता, पण उजेड कधी सारखा पडत नाही. स्वस्त म्हणून प्लास्टिकची दुसरी एखादी शीट घेतलीत तर वर्ष-दोन वर्षांत ती पिवळी पडते.

कापायला करवत वापरू नका, तडे जातात. अ‍ॅक्रिलिक कटरनं पट्टी धरून एकाच रेघेवर आठ-दहा वेळा ओढायचं आणि टेबलाच्या कडेवर ठेवून मोडायचं. भोक पाडताना खाली लाकूड ठेवा, ड्रिल सावकाश चालवा आणि भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवा, कारण उन्हाळ्यात शीट वाढते आणि घट्ट आवळलेली असेल तर स्क्रूपासून फाटते. वरचा संरक्षक कागद अगदी शेवटपर्यंत काढू नका. पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ कापड. थिनर किंवा स्पिरिट लावलंत की बारीक जाळ्या पडतात.

एलईडी पट्टी कुठली आणि किती लागते?

बारा व्होल्टची, मीटरला ६० दिवे असलेली, वॉर्म किंवा नॅचरल व्हाइट. पाच मीटरचा रोल मिळतो. मीटरला १२० दिव्यांची घेऊ नका. ती दुकानाच्या पाटीसाठी ठीक आहे, खोलीत डोळे दिपतात. रंगाचं म्हणाल तर ३००० केल्व्हिन म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ६५०० म्हणजे ट्यूबलाईटसारखा निळसर. मी ४००० घेतली आणि समाधानी आहे.

हिशेब असा. दोन फूट म्हणजे ६१ सेंटिमीटर. आत ५५ सेंटिमीटरच्या चार ओळी, एकमेकींपासून सहा सेंटिमीटरवर. ही पट्टी दर पाच सेंटिमीटरला, म्हणजे दर तीन दिव्यांनी कापता येते. तांब्याच्या ठिपक्यांमध्ये कात्रीची खूण असते, तिथंच कापायची, म्हणून ५५ बरोबर बसतं. एकूण पट्टी दोन मीटर वीस सेंटिमीटर. मीटरला साधारण सहा वॉट धरले तर तेरा-चौदा वॉट, म्हणजे सव्वा अँपियरच्या आत. बारा व्होल्ट दोन अँपियरचा अ‍ॅडॉप्टर आरामात पुरतो. अ‍ॅडॉप्टर कधीही काठोकाठ भरायचा नाही, पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवायचा.

चारही ओळी एकापुढे एक न जोडता प्रत्येकीला अ‍ॅडॉप्टरकडून वेगळी वायर द्या. लांब पट्टीत शेवटाकडे व्होल्टेज पडतं आणि पाटी डावीकडून उजवीकडे मंद होत जाते. दोन मीटरमध्ये ते फारसं जाणवत नाही, पाच मीटरमध्ये नक्की जाणवतं.

पट्टीच्या पाठीच्या टेपवर विसंबू नका. जागा आधी पुसून घ्या आणि वर सिलिकॉनचे ठिपके द्या. नाहीतर पावसाळ्यात पट्टी सुटून पेटीच्या तळाशी सापासारखी वेटोळं घालून बसते.

पाटीवर दिव्यांचे ठिपके किंवा पट्टे दिसतात. काय चुकलं?

पेटी उथळ झाली. दोन ओळींत जेवढं अंतर, निदान तेवढं तरी अंतर पट्टी आणि अ‍ॅक्रिलिक यांच्यात हवं. दीडपट असेल तर उत्तम. माझी दुसरी पेटी दोनच इंच खोल होती आणि ओळी बारा सेंटिमीटरवर, त्यामुळे पाटी झेब्र्यासारखी दिसायची. पेटी नव्यानं करायची नसेल तर ओळी वाढवा, आणि अ‍ॅक्रिलिकच्या मागे बटर पेपरचा एक थर लावा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा हा कागद बरंच काही झाकतो.

अक्षरं कशी काढायची?

खरं काम इथं आहे. दिव्याचं काम अर्ध्या दिवसात उरकतं. अक्षरांनी माझा महिना खाल्ला.

सोपी वाट रेडियमवाल्याची. गाड्यांच्या नंबरप्लेटी करणारा माणूस प्लॉटर मशीनवर व्हिनाइल, म्हणजे चिकट प्लास्टिकची शीट, कापून देतो. काळं व्हिनाइल पूर्ण शीटभर लावून अक्षरांची जागा रिकामी ठेवायला सांगा. मग फक्त अक्षर पेटतं, बाकी काळोख. चिकटवताना अ‍ॅक्रिलिकवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारा, म्हणजे व्हिनाइल सरकवून जागेवर आणता येतं. मग जुन्या एटीएम कार्डानं मधून कडेकडे पाणी काढत जा. उजेडासमोर धरून बघा. सुईच्या टोकाएवढं भोकसुद्धा रात्री ताऱ्यासारखं चमकतं.

पहिला घोटाळा फाइलीचा. घरच्या कॉम्प्युटरवर ‘खेळघर’ टाइप करून ती फाइल दुकानात दिलीत की तिकडच्या मशीनवर तो फॉन्ट नसतो. वेलांटी भलतीकडे जाते, रफार उडतो, जोडाक्षराचे हलंत सुटे होतात. आपल्याकडची बरीच दुकानं कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांवर काम करतात. म्हणून मजकूर नेऊ नका, आकार न्या. फाइल सेव्ह करताना अक्षरं ‘कर्व्ह’मध्ये बदला आणि पीडीएफ करा. कापायच्या आधी स्क्रीनवर एकेक अक्षर स्वतः वाचा. दुकानातला कामगार कन्नड किंवा हिंदी वाचणारा असेल तर त्याला चूक दिसणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

दुसरा घोटाळा भरीव शीटमधून अक्षरं कोरणाऱ्यांचा. मी आधी हीच वाट धरली होती, एसीपीच्या शीटमधून. अक्षर कोरलं की त्याच्या पोटातला बंद तुकडा गळून पडतो. इंग्रजीत ही अडचण ओ, ए अशा थोड्या अक्षरांना येते. आपल्या लिपीत पुष्कळ अक्षरांचं पोट बंद असतं, काहींचं शिरोरेघेमुळे आणि काहींचं मुळातच, म्हणजे प, म, घ, व, ब सगळेच गळणार. उपाय म्हणून पोटातला तुकडा बाहेरच्या शीटशी जोडणारा बारीक पूल ठेवतात, आणि हात आपोआप तो पूल शिरोरेघेतच ठेवतो, कारण तिथं सोपं पडतं. तिथंच फसतो माणूस. घ ची शिरोरेघ डावीकडे तुटली की त्याचा ध होतो. म ची तुटली की भ होतो. माझ्या पहिल्या शीटवर ‘खेळधर’ उमटलं होतं. शेजारचा मित्र जिन्यात उभा राहून म्हणाला, “काय करूलालास रे, धर म्हणून कुणाला सांगूलालास?” ती शीट आता कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे.

पूल ठेवायचाच असेल तर खालच्या वळणावर ठेवा, शिरोरेघ अखंड सोडा. ब च्या पोटातल्या तिरक्या रेघेला हात लावू नका, ती गेली की व उरतो. त्याहून बरं म्हणजे गळलेला तुकडा फेकू नका. मागे अ‍ॅक्रिलिक असतंच, त्यावर तो जागच्या जागी चिकटवून टाका. पुलाची गरजच उरत नाही.

लेझर कटिंग करून घेणार असाल तर अ‍ॅक्रिलिक आणि प्लाय लेझरवर कापता येतात. पीव्हीसी फोम शीट लेझरवर देऊ नका, क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो आणि मशीनही गंजतं. एसीपीला राउटर (फिरत्या पात्यानं कोरणारं मशीन) लागतो. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत असली कामं करणारे आहेत, पण एका नगासाठी मशीन लावायला कुणी राजी होत नाही. ओळखीनं, चहा पाजून, दुसऱ्याच्या कामाच्या शेपटीला जोडून घ्यावं लागतं.

फॉन्ट कुठला घ्यावा?

जाड आणि गोलसर. बारीक रेघांचा फॉन्ट मागून उजळला की रेघा विरघळल्यासारख्या होतात. ‘बालू’ हा फुकट मिळणारा फॉन्ट या कामाला चांगला आहे, ‘मुक्त’ही चालेल, त्याची जाड आवृत्ती घ्या. ल आणि श बघून घ्या. पुष्कळ फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात. आपल्याला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असतो. ‘खेळघर’मध्ये दोन्ही नाहीत म्हणून मी सुटलो.

मराठी आणि कन्नड दोन्ही लिहायचं आहे. जमेल का?

छान दिसतं. आमच्या घरात निम्मे पाहुणे कन्नड बोलणारे आहेत आणि माझी वहिनी गोकाककडची, तेव्हा पुढची पाटी तशीच होणार आहे. ‘बालू’ला कन्नड भावंड आहे, ‘बालू तम्मा’ नावाचं. दोन्ही एकाच वळणाची असल्यामुळे पाटी ठिगळ लावल्यासारखी दिसत नाही. दोन गोष्टी सांभाळा. कन्नडला शिरोरेघ नाही, म्हणून मराठी ओळीइतकीच उंची दिली तरी ती लहान वाटते, थोडी वाढवा. आणि कन्नड जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली लटकतं, त्यामुळे ओळीखाली जागा जास्त सोडा. वाचून घ्यायला कन्नड येणारं माणूस बसवा, जसं मराठीला आपण बसतो.

फक्त मराठीत लावली तर कायद्याची अडचण येते का?

घरातल्या खोलीतल्या पाटीचा प्रश्नच येत नाही. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर ६० टक्के कन्नडची अट आहे ती दुकानं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं अशा व्यावसायिक जागांच्या नामफलकांना. पैसे घेऊन कॅरम क्लब चालवणार असाल आणि पाटी बाहेर लावणार असाल, तर मात्र आधीपासूनच जागा त्या मापानं आखा. मागाहून वर एक पट्टी चिकटवली की कुठलीही पाटी केविलवाणी दिसते, भाषा कुठलीही असो.

पोरंटोरं असतात. शॉक बसेल का?

२३० व्होल्ट पेटीत नेऊच नका. जाळीदार डब्यातला एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे बारा करणारा डबा, स्वस्त मिळतो म्हणून लोक तो पेटीत बसवतात. त्याची टर्मिनलं उघडी असतात आणि गरमीही आतच राहते. त्यापेक्षा सीसीटीव्ही कॅमेऱ्याला येतो तसला बंद अ‍ॅडॉप्टर घ्या, तो भिंतीवरच्या प्लगमध्ये राहू द्या आणि पेटीत फक्त बारा व्होल्टची वायर जाऊ द्या. घरात पडलेला इंटरनेटच्या राउटरचा अ‍ॅडॉप्टर चालेल का, असं विचारतात. त्याच्या पाठीवरचा आउटपुट वाचा. बारा व्होल्ट असतील, पण बऱ्याचदा अर्धा किंवा एकच अँपियर असतो. तेवढ्यावर ही पाटी चालणार नाही.

प्लस-मायनस उलटं लागलं तर पट्टी पेटत नाही, एवढंच. बदलून लावा. जोडाला क्लिपा वापरू नका, झाळ मारा, म्हणजे सोल्डर करा. प्लग पॉइंट नवा काढायचा असेल तर वायरमनला बोलवा, तिथं हुशारी नको.

उजेड कमी-जास्त करायला फॅनचा रेग्युलेटर लावला तर?

नको. अ‍ॅडॉप्टर कुरकुरतो, पाटी लुकलुकते आणि शेवटी अ‍ॅडॉप्टर जातो. बारा व्होल्टचा एलईडी डिमर मिळतो, तो अ‍ॅडॉप्टर आणि पट्टी यांच्यामध्ये बसवा.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

पाण्यापेक्षा किड्यांची. पहिल्या वळवानंतर पंखवाले किडे उजेडावर तुटून पडतात हे माहीत होतं, पण बंद पेटीत ते शिरतील असं वाटलं नव्हतं. वायर आत जायचं भोक मी ऐसपैस ठेवलं होतं. आठ दिवसांनी आईनं खालून विचारलं, “अरे, त्या ख वर अनुस्वार कधी दिलास?” बघतो तर एक किडा अ‍ॅक्रिलिकच्या मागे बरोबर मात्रेशेजारी मरून चिकटला होता. ‘खेंळघर’. पुढच्या आठवड्यात ळ ला नुक्ता आला, र च्या पुढे पूर्णविराम. पेटी उघडली तेव्हा तळाशी पंखांचा थर होता, कणकेच्या कोंड्यासारखा.

आता वायरीचं भोक सिलिकॉननं बंद आहे, अ‍ॅक्रिलिक आणि प्लायच्या मध्ये फोमची टेप आहे, आणि गरमी व ओल बाहेर जायला खाली दोन भोकं आहेत, त्यांना डासांच्या जाळीचा तुकडा. मुख्य म्हणजे झाकण खिळ्यांनी न ठोकता चार स्क्रूंवर ठेवलंय. वर्षातून एकदा उघडावं लागतंच.

कॅरमवर चकाकी येते. पाटी कुठं लावू?

पॉलिश केलेल्या बोर्डावर समोरच्या भिंतीवरची पाटी उलटी उमटते आणि बरोबर पॉकेटजवळ राणी दिसेनाशी होते. आमच्याकडे यावरून एकदा खरंच भांडण झालं. हरणाऱ्याला निमित्त लागतं, पण या वेळी तो बरोबर होता. पाटी बसणाऱ्यांच्या समोर नको, बाजूच्या भिंतीवर, डोक्याच्या वर लावा. बोर्डावर टांगलेला शेडचा दिवा हाच मुख्य उजेड राहू द्या, आणि डाव सुरू झाला की पाटी डिमरनं खाली आणा. बसून बघा, उभं राहून नको. सहा फुटांवरून जी चकाकी दिसत नाही ती मांडी घातल्यावर दिसते.

जुन्या भिंतीत खिळा टिकत नाही.

जांभ्याची किंवा मातीच्या सांध्यांची भिंत असेल तर खिळा भुसभुशीत जागेत फिरत राहतो. लांब स्क्रू आणि जाड प्लास्टिकचा गट्टू घ्या, भोक सांध्यात न पाडता दगडात पाडा, हॅमरचा दणका न देता नुसतं फिरवून. पेटीचं वजन तीन किलोच्या आसपास येतं, दोन हूक पुरतात. तरीही भिंतीचा भरवसा नसेल तर तुळईला आडवी पट्टी मारून तिला पाटी लटकवा.

वीज किती जाते?

रोज चार तास लावली तर महिन्याला दोन युनिटच्या आत.

खर्च किती आला?

तिसऱ्या पाटीचा साधारण २,५०० रुपये, सुताराची मजुरी धरून. पहिल्या दोन पाट्यांचा हिशेब बायकोनं विचारलेला नाही आणि मीही काढलेला नाही.

रंग बदलणारी पट्टी लावू का?

पोरांचा हट्ट असेल तर लावा. मात्र तिचा पांढरा खरा पांढरा नसतो, निळसर झाक येते, आणि आठ दिवसांनी सगळे एकाच रंगावर येऊन थांबतात. रंग हवाच असेल तर पट्टी पांढरी ठेवा आणि अक्षरावर उजेड आरपार जाणारं रंगीत व्हिनाइल लावा. साधं अपारदर्शक लाल व्हिनाइल दिवसा लाल दिसतं आणि रात्री काळं, हे दुकानदार सांगत नाही.

पट्टीतले तीनच दिवे बंद पडले. पूर्ण पट्टी बदलायची का?

नाही. तीन दिव्यांचा एक गट असतो, त्यातला एक गेला की तिघंही विझतात. दोन्ही बाजूंच्या खुणांवर तेवढा पाच सेंटिमीटरचा तुकडा कापा, उरलेल्या रोलमधला तुकडा त्याच जागी झाळून घ्या. रोल म्हणूनच फेकायचा नसतो. माझा उरलेला रोल आईनं देवघरात नेलाय, त्यामुळे मला आता तुकडा हवा असला की आधी तिला विचारावं लागतं.